मंगलाष्टके चालू असताना छायाचित्रकाराने किती बोलावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपासून तुम्ही सांगली-मिरज भागात लग्नाचे फोटो काढत आहात. कोणालाही न सांगता, न थांबवता टिपलेले फोटो तुम्हाला मनापासून आवडतात, परंतु अल्बम हातात पडल्यावर घरची मंडळी ‘आत्याबाईंचा एकही फोटो कसा नाही’ असे विचारतात. त्यांच्या समाधानासाठी पुढच्या लग्नात तुम्ही सर्वांना सूचना देऊ लागलात, तेव्हा प्रत्येक चेहरा ताठ झाला आणि सगळे फोटो एकसारखे दिसू लागले. मंगळसूत्र बांधताना वराची पाठ कॅमेऱ्याकडे येते, तेव्हा विधी थांबवून पुन्हा करायला सांगावे का, हेही तुम्ही विचारले आहे. या शेवटच्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन, कारण त्याचे उत्तर आधीच्या सगळ्या बोलण्यावर अवलंबून आहे.

सव्वीस वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, छायाचित्रकाराने आपले नियंत्रण क्षण येण्यापूर्वी वापरून संपवावे आणि क्षण आला की गप्प राहावे. प्रकाश, जागा, पार्श्वभूमी, वेळ आणि आपण स्वतः कोठे उभे राहणार या गोष्टी आपल्या हाती आहेत, त्या आदल्या दिवसापासून घट्ट धराव्यात. वधूच्या वडिलांचा चेहरा कन्यादानाच्या वेळी कसा होईल, हे आपल्या हाती नाही आणि ते हाती घेण्याचा प्रयत्नही करू नये. उत्स्फूर्त वाटणाऱ्या चांगल्या फोटोंमागे बहुतेक वेळा दोन तास आधी हलवलेली एखादी खुर्ची असते.

तुमच्या पिढीला आमच्या सुरुवातीच्या काळाची कल्पना असणे कठीण आहे, म्हणून तो थोडा सांगतो. मी काकांच्या स्टुडिओत शिकलो तेव्हा हातात याशिका मॅट १२४जी कॅमेरा असे. त्यात १२० क्रमांकाचा फिल्मचा रोल बसे आणि एका रोलवर बारा फोटो निघत. सर्वसाधारण लग्नाला सहा ते आठ रोल, म्हणजे फार तर शंभराच्या आत फोटो. प्रत्येक फोटोला पैसे पडत असल्यामुळे विधी थांबवणे ही तेव्हाची रूढ पद्धत होती. गुरुजी स्वतःच हात वर करून ‘फोटोवाले, या’ म्हणत, वर मंगळसूत्र वधूच्या गळ्याशी धरून स्तब्ध राही, मागे व्हिडिओवाल्याचा सनगन, म्हणजे हातात धरायचा प्रखर दिवा, तापलेला असे, आणि सर्वजण कॅमेऱ्याकडे बघत. आज त्या फोटोंना सरसकट कृत्रिम म्हटले जाते, ते मला पटत नाही. त्या अल्बममध्ये प्रत्येक नातेवाईकाचा चेहरा स्वच्छ दिसतो. वीस-पंचवीस वर्षांनी नातवंडे ‘या कोण’ असे विचारतात तेव्हा उत्तर देण्याची सोय त्या ताठ फोटोंमध्येच असते. त्या पद्धतीत जे हरवत होते तेही मला दिसत होते. मंगळसूत्र गळ्याशी धरून थांबलेल्या वराला त्या दिवशी ते खरोखर बांधल्याची आठवण राहत असेल का, असा प्रश्न मला तेव्हाही पडे.

डिजिटल कॅमेरे आले, कार्डावर हजारो फोटो मावू लागले आणि थांबवण्याची गरज संपली. पण बाजारात त्यातून एक विचित्र वाटणी रूढ झाली. कराराच्या कागदावर ‘ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड फोटो, सिनेमॅटिक व्हिडिओ’ अशी चार माणसे चार दरांनी लिहिली जाऊ लागली. एकाने सर्वांना कॅमेऱ्याकडे बघायला लावायचे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही असे फोटो काढायचे, अशी ही रचना आहे. एकाच बोहल्यावर, एकाच दोन सेकंदांत हे दोन्ही साधत नाही. ट्रॅडिशनलवाल्याने ‘इकडे बघा’ म्हटले की कँडिडवाल्याचा क्षण गेला, आणि कँडिडवाला दाम्पत्याच्या मधोमध शिरला की पाहुण्यांना लग्न दिसत नाही. तुमची अडचण खरे तर या वाटणीतूनच आली आहे. तुम्ही दोन वेगळ्या शैलींमधून एकीची निवड करू पाहत आहात. मी मात्र दिवसाचीच वाटणी करतो. कोणत्या घटकेत मी बोलणार आणि कोणत्या घटकेत अजिबात बोलणार नाही, हे ठरवतो आणि दोन्ही घरांना आधी सांगून ठेवतो.

सुरुवात कार्यालयापासून होते. शक्य असल्यास मुहूर्ताच्याच वेळी, आदल्या दिवशी किंवा त्या आठवड्यात, एकदा तेथे जाऊन यावे. सकाळी अकराच्या मुहूर्ताला खिडक्यांतून येणारा प्रकाश आणि गोरज मुहूर्ताला मावळतीकडून येणारा प्रकाश यांत इतका फरक असतो की, एकाच कार्यालयातली दोन लग्ने दोन गावांतली वाटावीत. गोरज मुहूर्त उघड्या लॉनवर असेल तर मंगलाष्टके सुरू होताना उजेड असतो आणि संपताना दिवे लागलेले असतात. गाणारी मंडळी उत्साही असतील तर हमखास. तेव्हा कॅमेऱ्याची मांडणी मंगलाष्टकांच्या मध्यावर बदलावी लागणार, हे आधी माहीत हवे. बंद कार्यालयात वेगळी अडचण असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर (प्रकाश आत येऊ देणारी झडप) १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले तर फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत, १/३२० वर मात्र ते हमखास दिसू शकतात. स्वस्त एलईडी दिवे आणि स्टेजमागची एलईडी भिंत यांचे लुकलुकणे आणखी वेगळे असते, म्हणून तेथे पाच-दहा फोटो काढून बघणे हाच उपाय. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर अशा प्रकाशात बहुतेक कॅमेऱ्यांवर पट्टे देते. होमाच्या वेळी शांतता हवी म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, पण आधी तपासून घ्यावे.

प्रकाशाबाबत सजावटकाराशी बोलायला संकोच करू नये. बोहल्यावर जांभळा किंवा गुलाबी दिवा थेट चेहऱ्यांवर सोडलेला असेल तर हळदीने उजळलेला चेहराही निळसर दिसतो आणि तो नंतर संगणकावर नीट दुरुस्त होत नाही. ‘रंगीत दिवे मागच्या पडद्यावर राहू द्या, समोरून फक्त पांढरा द्या’ एवढी विनंती मी मुहूर्तापूर्वी दोन तास करतो, आणि सजावटकार ती बहुधा मान्य करतात, कारण त्यांचीही सजावट त्यामुळे चांगली दिसते. मुहूर्ताला दहा मिनिटे उरली असताना तीच विनंती केली तर भांडण होते. माझे दोन फ्लॅश मी बोहल्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांत, खांबांना बांधून ठेवतो आणि त्यानंतर दिवसभर त्यांना हात लावत नाही. प्रकाशाचा प्रश्न असा एकदा मिटला की माझे डोळे माणसांसाठी मोकळे राहतात.

वधूच्या खोलीतही हेच तत्त्व चालते. चुडा भरायला कासार येतो तेव्हा तो कोठे बसणार, एवढेच मी ठरवतो. खिडकीजवळ चटई टाकून घेतो, वधूचे तोंड खिडकीकडे येईल असे बघतो, मागच्या भिंतीवर अडकवलेल्या पिशव्या आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या बाटल्या उचलून ठेवतो. त्यानंतर एकही शब्द बोलावा लागत नाही. कासाराचे हात त्याच्या कामात असतात, हिरव्या बांगड्या मनगटावरून सरताना वधू ओठ दाबते, शेजारी बसलेली आत्या किंवा मावशी ‘हळू हो’ म्हणते, आणि या सर्वांत कॅमेऱ्याकडे कोणाचे लक्षही नसते. गौरीहराजवळ वधू बसलेली असते ती वेळ मला संपूर्ण लग्नात सर्वांत प्रिय आहे. बाहेर वाजंत्री, धावपळ, पंगतीची तयारी, आणि आत ती पिवळ्या साडीत एकटी, समोर अन्नपूर्णा आणि तांदूळ. त्या खोलीतून कपड्यांच्या बॅगा आणि चार्जरच्या वायरी सकाळीच हलवून घ्याव्यात. ती बसल्यावर मात्र मी दारातून आत पाऊल टाकत नाही. ८५ मिलिमीटरची लेन्स लावतो आणि दारातूनच काढतो. मामा तिला घ्यायला येतो तेव्हा ती मान वर करून त्याच्याकडे बघते, तो फोटो दारातूनच मिळतो, कारण मामा माझ्याच शेजारून आत जातो.

आता अंतरपाटाविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या लग्नातला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा क्षण तोच आहे. मंगलाष्टके नावाप्रमाणे आठ असली तरी घरातले काका, मावशी, आजोबा आपापली रचून आणलेली म्हणतात, त्यामुळे दहा मिनिटेही लागतात आणि पंचवीसही लागतात. तो सर्व वेळ वधू आणि वर हातात हार घेऊन, मुंडावळ्यांखालून खाली बघत उभे असतात. मग शेवटचे ‘सावधान’ होते, वाजंत्री एकदम कडाडते, अक्षतांचा पाऊस पडतो, अंतरपाट बाजूला ओढला जातो आणि दोघे एकमेकांकडे बघतात. ती पहिली नजर एक-दोन सेकंदांची असते. त्यानंतर लगेच मित्रमंडळी वराला उचलून धरतात आणि हार घालण्याची गंमत सुरू होते, जी टिपणे तुलनेने सोपे आहे.

या दोन सेकंदांत कोणाला काही सांगणे शक्य नाही, आवाजच पोहोचत नाही. म्हणून सर्व काही आधी करावे लागते. मुहूर्तापूर्वी मी गुरुजींना भेटून नमस्कार करतो आणि तीन गोष्टी विचारतो: दाम्पत्याची तोंडे कोणत्या दिशेला असतील, अंतरपाट कोण धरणार, आणि तो कोणत्या बाजूला ओढला जाणार. तिसरा प्रश्न छायाचित्रकार क्वचितच विचारतात आणि त्याच कारणाने त्यांच्या फोटोत ऐन क्षणी पांढरे कापड आणि ते ओढणाऱ्याचा खांदा येतो. कापड ज्या बाजूला जाणार तिच्या विरुद्ध बाजूला, अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत मी जागा घेतो. तेथून दोघांचेही चेहरे बाजूने दिसतात आणि मधले कापड नाहीसे होताना दिसते. बरोबर दुसरा छायाचित्रकार असेल तर त्याला वराच्या खांद्यामागून वधूचा चेहरा घ्यायला सांगतो. मी एकटा असेन तर कडेची जागा सोडत नाही, फक्त अर्धे पाऊल वराच्या बाजूला सरकतो, म्हणजे वधूचा चेहरा थोडा अधिक दिसतो. एकट्या वधूचा सुंदर चेहरा मला दिवसभर मिळणार असतो, पण त्या नजरेला दोन्ही टोके लागतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. पांढरे कापड समोर असताना कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप फसते आणि चेहरे काळवंडतात, म्हणून प्रकाशाची मांडणी हाताने ठरवून कायम ठेवावी. फोकसही कापडाच्या कडेवर अडकतो, तेव्हा वधूच्या डोळ्यावर आधीच पकडून ठेवावा. लेन्सचे छिद्र एफ १.८ इतके मोठे ठेवले तर एकच चेहरा स्पष्ट राहील, दोघांसाठी ते लहान करून एफ ४ तरी हवे. अक्षता गोठलेल्या ठिपक्यांसारख्या हव्या असतील तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान लागते आणि १/६० ला त्यांच्या रेघा होतात. मला किंचित ओढलेले दाणे आवडतात, आणि दिव्यांचे पट्टेही टळतात, त्यामुळे १/१०० माझ्यासाठी दोन्ही अर्थांनी सोयीचे ठरते. कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फोटो काढू शकत असला तरी कापड हलण्यापूर्वीच बटण दाबून धरू नये, कारण ऐन वेळी कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरते आणि तो थांबतो. हे माझ्याकडून झालेले आहे, आणि त्या लग्नातली ती नजर माझ्याकडे नाही.

याच वेळेसाठी व्हिडिओवाल्यांशी बोलणे आवश्यक असते. मी त्यांना सकाळी चहाच्या वेळी गाठतो आणि खडूने आखल्यासारख्या नेमकेपणाने जागा वाटून घेतो. मंगलाष्टकांच्या वेळी आपण सर्वांनी गुडघ्यावर बसायचे, हेही तेथेच ठरवतो. पहिल्या रांगेत दोन्हीकडच्या आज्या बसलेल्या असतात. त्या लग्न बघायला आलेल्या आहेत आणि त्यांच्यासमोर आपली पाठ येऊ नये, हे मला चांगल्या फोटोपेक्षा महत्त्वाचे वाटते.

न बोलण्याचा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. कोल्हापूरजवळच्या एका लग्नात कन्यादानाच्या वेळी माझ्या आणि दाम्पत्याच्या मधे कोणी नातेवाईक आले आणि वडिलांच्या हातून पाणी सोडतानाचा फोटो चुकला. मी पुढे होऊन म्हणालो, ‘काका, परत एकदा सोडता का?’ गुरुजी थांबले, वडिलांनी पुन्हा हात पुढे केला. पहिल्या वेळी त्यांचे डोळे भरलेले होते आणि वधूची आई त्यांच्या हातावर हात ठेवून जमिनीकडे बघत होती. दुसऱ्या वेळी दोघांनीही माझ्याकडे बघितले आणि नीट, आज्ञाधारकपणे पाणी सोडले. तो फोटो स्वच्छ आला आणि अल्बममध्ये गेला. मला मात्र त्यात अजूनही माझाच आवाज ऐकू येतो. मी त्या माणसाकडून त्याच्या आयुष्यातली एक घटका घेतली होती आणि ती परत करणे शक्य नव्हते. तेव्हापासून विधी चालू असताना मी कोणालाही काहीही पुन्हा करायला सांगितलेले नाही. फोटो चुकला तर चुकला, असे मी यजमानांना पहिल्या भेटीतच सांगतो, आणि आश्चर्य म्हणजे या वाक्यामुळे काम हातचे गेल्याचा अनुभव मला नाही.

याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे आणि तुमच्या अल्बममध्ये नसलेल्या आत्याबाई त्या बाजूच्या आहेत. पुण्यातल्या एका लग्नात मी माझ्या मते फार चांगले काम केले होते. आठ महिन्यांनी वधूची आई स्टुडिओत आली. वधूच्या आजी वारल्या होत्या आणि आईला आजी-नातीचा एक सरळ, समोरून काढलेला फोटो हवा होता. माझ्याकडे आजींचे अकरा फोटो निघाले. अक्षता टाकणारा हात, हसताना वळलेली मान, कोणाच्या तरी खांद्याआडून दिसणारा अर्धा चेहरा असे ते होते. भिंतीवर लावता येईल असा एकही नव्हता. त्या बाई काही बोलल्या नाहीत, एक फोटो निवडून घेऊन गेल्या. माझ्या आवडीसाठी मी त्यांच्या घराची एक गरज दुर्लक्षित केली होती, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून घरच्यांच्या फोटोंसाठी मी उघडपणे, संकोच न करता नियंत्रण हातात घेतो. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी मोठ्याने बोलतो, नावे पुकारतो, रांगा लावतो. लग्नाच्या आठ दिवस आधी दोन्ही घरांकडून यादी घेतो आणि ती बारा ते पंधरा गटांवर आणतो, कारण प्रत्येक गटाला दीड ते दोन मिनिटे लागतातच. प्रत्येक घरातून एक माणूस मागून घेतो, ज्याला सर्व नातेवाईक चेहऱ्याने माहीत आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. ही माणसे बहुधा धाकटे काका किंवा थोरली मावसबहीण निघतात. ज्येष्ठांचे फोटो आधी, म्हणजे त्यांना जेवायला जाता येते. दोन रांगा असतील तर एफ ५.६ ते ८, प्रत्येक गटाचे निदान तीन फोटो, कारण कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. आहेर आणि भेटीगाठींची रांग सुरू होण्यापूर्वी हे उरकून घ्यावे. एकदा ती रांग लागली की दोन तास बोहले आपले राहत नाही. तुम्ही लिहिले आहे की सूचना दिल्या की चेहरे ताठ होतात. ते येथे होणारच, आणि मला त्यात गैर वाटत नाही. आजोबा ताठ बसतात कारण फोटोसाठी ताठ बसावे अशी त्यांची समजूत आहे. तीही त्यांचीच ओळख आहे. गटाचा फोटो झाला की मी ‘झालं, धन्यवाद’ म्हणतो आणि कॅमेरा डोळ्यावरून खाली न घेता आणखी एक काढतो. खांदे सैल होतात, कोणीतरी वधूच्या पाठीवरून हात फिरवते, नऊवारीतल्या काकू पदर सावरत हसतात. यादीतला फोटो आणि यादीबाहेरचा फोटो असे एकमेकांना चिकटूनच मिळतात.

दाम्पत्याच्या स्वतंत्र फोटोंना मी वीस मिनिटे मागतो आणि तेवढीच घेतो. येथे सूचना द्याव्याच लागतात, पण चेहऱ्याला सूचना देऊ नये, हातांना काम द्यावे. ‘एकमेकांकडे बघून हसा’ म्हटले की हसू खोटे होते. ‘त्यांच्या फेट्याचा तुरा वाकडा झालाय, जरा नीट करा’ किंवा ‘वहिनींची मुंडावळी नथीत अडकलीय, सोडवून द्या’ म्हटले की दोघे जवळ येतात, काम करता करता काहीतरी बोलतात, आणि काम संपल्यावरच्या क्षणी जे हसू येते ते त्यांचे स्वतःचे असते. तुरा खरोखर वाकडा असेल तरच हे सांगावे. ठरवून जमलेल्या लग्नात दोघांची ओळख काही महिन्यांची असते आणि मागे दोन्ही घरची वडीलधारी मंडळी उभी असतात. अशा वेळी मिठी मारायला लावणे, कपाळाला कपाळ टेकवायला लावणे हा मला त्या दोघांवरचा अन्याय वाटतो. त्यांच्यात जितके अंतर आहे तितके फोटोत दिसू द्यावे. मला त्या अंतराचे फोटो फार आवडतात. शेजारी उभे राहून दोघेही समोर बघत असतात आणि फक्त करंगळ्या एकमेकींना लागलेल्या असतात.

काही विधी या दोन टोकांच्या मधे येतात आणि तेथे वस्तूवर नियंत्रण ठेवता येते. सूनमुखाच्या वेळी सासू नव्या सुनेचे मुख आरशात बघते. आरसा कोणत्या कोनात धरला आहे यावर फोटो उभा राहतो किंवा पडतो. मी आरसा हातात देणाऱ्या करवलीला आधीच दाखवून ठेवतो की तो किती कलता धरायचा, म्हणजे मला दोघींचे चेहरे आरशात दिसतील. सासूबाईंना मी काहीच सांगत नाही. कानपिळीच्या वेळी वधूच्या भावाला कोणीतरी ‘कॅमेऱ्याकडे बघ’ असे ओरडून सांगतेच, म्हणून मी त्याला आधी भेटून एवढेच सांगतो की, कोणी काहीही म्हणाले तरी तू दाजींकडे बघ. पाठवणीला मात्र मी कशालाही हात लावत नाही. फ्लॅश बंद, लांबची लेन्स, आणि गाडीपासून दहा-बारा पावले दूर. आई-मुलीला ‘पुन्हा एकदा मिठी मारा’ असे सांगताना मी इतरांना ऐकले आहे आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटले आहे.

प्रत्येक लग्नाची लय अर्थातच अशी नसते. बौद्ध पद्धतीच्या विवाहात अंतरपाट नाही, होम नाही. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील होते, प्रतिज्ञा होतात, पुष्पहार घातले जातात, आणि मुख्य विधी अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण होतो. पांढऱ्या वस्त्रांमुळे प्रकाशाचे मोजमाप तेथे अधिक जपून करावे लागते आणि विधी आटोपशीर असल्याने उभे राहण्याची जागा चुकली तर ती बदलायला वेळ मिळत नाही, त्यामुळे आधीच्या तयारीचे महत्त्व वाढते. नोंदणी विवाहात तर सर्व काही एका टेबलाभोवती घडते. विशेष विवाह कायद्याप्रमाणे दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या होतात आणि पेन एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कार्यालयाने परवानगी दिली तर एका कोपऱ्यात उभे राहून ३५ मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर ते संपूर्ण लग्न काढता येते, आणि अशी काही लग्ने मी काढलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी आहेत.

आता तुमचा मंगळसूत्राचा प्रश्न. वर वधूच्या मागे वाकून मंगळसूत्र बांधतो तेव्हा त्याची पाठ किंवा भोवती जमलेल्या बहिणींची डोकी आडवी येतात, हे खरे आहे, आणि विधी थांबवायचा नाही हेही ठरलेले आहे. मी असे करतो. गुरुजींना सकाळी विचारतानाच मी हेही विचारून घेतो की मंगळसूत्राच्या वेळी वर वधूच्या कोणत्या बाजूला असेल, आणि त्यांची हरकत नसेल तर दोन्ही पाट भिंतीपासून दीड हात पुढे घ्यायला सांगतो. एवढ्या जागेत वराला वधूच्या थेट मागे उभे राहता येते, त्याला बाजूने वाकावे लागत नाही, आणि समोरून दोघांचेही चेहरे दिसतात. वधूच्या केसांतले गजरे मागे लांब असतील तर दोरा किंवा फासा अडकतो आणि वर घामाघूम होतो, म्हणून त्या वेळी गजरे उचलून धरायला करवलीला आधीच सांगून ठेवतो, तेही डाव्या हाताने, म्हणजे तिचा दंड माझ्या आड येत नाही. वराला मी आदल्या दिवशी एकदाच सुचवतो की, मंगळसूत्राचा फासा कसा लागतो ते घरी बघून घ्या. इतके झाल्यावर मी समोर, वधूच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाटापासून चार-पाच हातांवर मांडी घालून बसतो. कोणी मध्ये आले तर त्यांना हटवत नाही, स्वतः एक वीत सरकतो. आणि तरीही पाठच आली, तर मी पाठीचाच फोटो काढतो: घामाने भिजलेला सदरा, वाकलेली मान, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी डोकावून ‘लागला का, लागला का’ असे विचारणाऱ्या चार बहिणी.